‘चार तासांची शाळा, मग कसला आलाय ताण?’

प्राथमिक शिक्षकांबद्दल एक मजकूर सतत फिरतो: चार तास शाळा, सुट्ट्याच सुट्ट्या, लहान पोरांना बाराखडी शिकवायची, तरी थकलो म्हणतात, म्हणजे कामचुकारपणा.

चार तास आले कुठून? शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितलं आहे. भागाकार केला की चार. पण त्याच अनुसूचीत शिक्षकासाठी पूर्वतयारीसह आठवड्याला किमान ४५ तास आहेत. ती ओळ या मजकुरात नसते.

सुट्ट्यांचं म्हणाल, तर मतदारयादीची कामं शिक्षकांना सुट्टीत आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं. मुलांसाठी ते योग्यच. पण बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणारा अधिकारी, असलेल्या शिक्षकाच्या सुट्ट्या त्यातच जातात.

‘लहान मुलांना शिकवायला काय लागतं?’ द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग धरा. ४० मिनिटांच्या तासिकेत एका वर्गाच्या वाट्याला शिक्षक २० मिनिटं येतो. जोडीदार बैठकीला गेला की १०. त्यातच पोषण आहाराची उपस्थिती ऑनलाइन भरायची, माणशी १०० ग्रॅमने तांदूळ काढून द्यायचा, चव नोंदवहीत लिहायची. मधली सुट्टी वाढपावर लक्ष ठेवण्यात जाते. मूल अक्षरं जोडून पहिल्यांदा शब्द वाचू लागलेलं असतं, तेवढ्यात शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘माहिती तातडीने पाठवा’ येतं. शिक्षक उठला की ते मूल थांबतं, आणि परत पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागते. शिकवण्याने शिक्षक एवढा थकत नाही. धड शिकवू न दिल्याने थकतो.

राहिला कामचुकारपणा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटच्या, म्हणजे कामाच्या सततच्या ताणाने येणाऱ्या थकव्याच्या, तीन खुणा नोंदवल्या: गळून जाणं, कामाबद्दल कडवटपणा, आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. शाळेत त्या अशा दिसतात: वह्या न वाचताच सही, सहकाऱ्याशी तुटक बोलणं, मुलांवर खेकसणं. मात्र मुलांना मारणं किंवा मानसिक त्रास देणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे. थकव्याची सबब तिथे चालणार नाही.

ताण घालवायला योगशिबिर भरवलं, तरी यातलं काही हलत नाही. मुख्याध्यापकांनी दोन आठवडे तक्ता ठेवावा: माहिती कोणी मागितली, किती वाजता, किती मिनिटं गेली, तीच आधी दिली होती का. तो केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडून माहिती मागण्याची शाळा सुटल्यानंतरची एकच वेळ ठरवावी, आणि ती इतिवृत्तात लिहून घ्यावी. नुसतं तोंडी ठरलेलं पुढच्या ‘तातडीच्या’ निरोपापर्यंतही टिकत नाही.