सुध्या जर्मनीहून आला आणि पम्याचा हिशोब बिघडला

सुध्या सुट्टीवर आलाय हे ग्रुपवर कळल्या कळल्या पम्याने फतवा काढला, आज साडेआठला ओटा, कारणं चालणार नाहीत. ओटा म्हणजे आपला तोच, चाफेकर चौकाच्या अलीकडचा, बंद पडलेल्या झेरॉक्सवाल्यासमोरचा. बाकी कथा तुम्हाला माहितीच आहे, भोसरीतली गाड्यांच्या पार्टच्या कंपनीतली क्वालिटी मॅनेजरची नोकरी सोडून हा घोडा ३४व्या वर्षी स्टुटगार्टला वृद्धाश्रमात नर्सिंग शिकायला गेला, घरी काय महाभारत झालं, काकू म्हणजे त्याची आई किती दिवस बोलल्या नाहीत वगैरे. आणि नाही, ते महाराष्ट्र सरकारचं दहा हजार पोरं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात कामाला पाठवायचं होतं त्यातनं तो गेलेला नाही, हे पम्याला अजून पटत नाही.

"या या, डायपर सम्राट!" ही पम्याची ओपनिंग.

पम्याबद्दल एवढंच सांगतो, हा माणूस लोणावळ्याच्या पुढे गेला की याचं पोट बिघडतं, पण जगातल्या कुठल्याही देशाच्या इकॉनॉमीवर अर्धा तास सलग बोलतो. फ्लॅटचं ब्रोकरेज करतो त्यामुळे समोरच्याला बोलू न देणं हे त्याचं प्रोफेशनल स्किल आहे.

पम्या : पहिलं सांग, हातात किती पडतात?
सुध्या : ग्रॉस १३००च्या आसपास. कापून हातात हजारच्या थोडं वर.
पम्या (मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडून) : युरो शंभरच्या वर गेलाय... लाखाच्या वर! शिकायचे लाख रुपये!
वैशू : कन्व्हर्ट करतोयस तर खर्च पण कर ना. का तो रुपयातच होतो तिथे?

वैशू हॉस्पिटलात नर्स आहे, नाईट ड्युटीला जाता जाता थांबली होती, टिफिनची पिशवी मांडीवर. आपल्या ओट्यावर हिशोब येणारी ही एकटीच.

मग सुध्याने खर्च सांगितला. हॉस्टेलची खोली ४२०, महिन्याचा रेल्वे-बस-ट्रामचा एकच पास, २०२५ला ५८ होता, आणि टीव्ही रेडिओची फी १८.३६, टीव्ही नसला तरी, प्रत्येक घरामागे. टीव्ही नसताना टीव्हीची फी हे ऐकून पम्या इतका खुश झाला की पाच मिनिटं "म्हणजे वसुलीच ना ही" एवढंच म्हणत होता. तुक्याने विचारलं मग भोसरीत काय वाईट होतं, तिथे पण सत्तर हजार होतेच की. त्यावर सुध्या जे बोलला ते मला आवडलं, म्हणला पगाराचं नव्हतंच रे, दहा वर्षं मी फक्त सॉरी लिहीत होतो. कस्टमरची तक्रार आली की लिहायचा तो एट-डी रिपोर्ट म्हणजे काय तर बारा पानी सॉरी. रात्री दीडला कस्टमरचा फोन, तुमच्या बॅचमुळे आमची लाईन थांबली, की सकाळी सहाला चाकणला गेटवर उभं राहून एकेक पार्ट हातात घेऊन सॉर्टिंग. बाबा आयसीयूत होते तेव्हा पण मी बाहेर बसून लॅपटॉपवर रूट कॉज लिहीत होतो.

तुक्या : पण तिकडे तरी काय रे, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या बॉशनेच तेरा हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं ना २०२५ला.
सुध्या : म्हणूनच तर. गाड्यांचं काही खरं नाही. म्हातारे मात्र वाढतायत.
वैशू : म्हातारे इथे पण वाढतायत. इथे फक्त घरोघरी सून आहे अशी समजूत आहे.

यावर तुक्याने चहाकडे बघितलं. त्याची आई तुक्याच्या बायकोच्या जिवावर आहे हे सगळ्यांना माहिती आहे.

मग पम्याला जुनं आठवलं. अकरावीत स्कोअरिंग म्हणून सगळ्यांनी जर्मन घेतलं होतं आणि बारावीला सुध्याने याला पेपर दाखवला नव्हता. "तेव्हा डेर-डी-डास दाखवलं असतंस तर आज मी पण तिकडे असतो!" सुध्या म्हणला तू पेपरात स्वतःचं नाव लिहायला विसरला होतास पम्या, त्यात मी काय दाखवणार होतो. आणि म्हणला जर्मनची बी टू लेव्हलची परीक्षा पास होऊन गेलो तरी पहिले तीन महिने आज्या काय बोलतात काही कळायचं नाही, क्लासमध्ये शिकलेलं जर्मन टीव्हीवर बोलतात, तिथल्या आज्या श्वेबिश म्हणजे तिकडची बोली बोलतात, ते वेगळंच प्रकरण आहे. वर्गात सगळ्यात म्हातारा हाच. बाकी पोरं एकोणीस-वीसची, व्हिएतनामची, मोरोक्कोची, कॅमेरूनची, ती याला "अंकल"च्या वळणाचं काहीतरी म्हणतात. तीन वर्षांचा कोर्स आहे, २१०० तास थिअरी आणि २५०० तास प्रत्यक्ष काम, पहिले सहा महिने प्रोबेशन, त्यात कधीही घरी पाठवू शकतात, नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडायचा तेव्हा पाठवलं तर बरं असं वाटायचं, हे तो एका दमात बोलला आणि लगेच विषय बदलला.

विषय कुठला तर जिना. तिकडे बिल्डिंगचा जिना आळीपाळीने भाडेकरू झाडतात, ज्याचा आठवडा असेल त्याच्या दाराला पाटी लटकवतात. याने पहिल्या वेळी नुसता झाडला तर खालच्या मजल्यावरच्या बाईंनी वर येऊन कठड्याच्या गजांवर बोट फिरवून दाखवलं. ज्या माणसाने चिंचवडात स्वतःचा कप कधी विसळला नाही तो आता फडकं घेऊन गज पुसतो. काकूंना हे सांगितल्यावर त्या म्हणल्या म्हणे, त्या बाईंचा नंबर दे.

पम्या परत मूळपदावर आला. "ते सगळं ठीके रे, पण बी.ई. मेकॅनिकल होऊन शेवटी म्हाताऱ्यांची शी काढायची? नाही म्हणजे मला रिस्पेक्ट आहे पण..."

"रिस्पेक्ट आहे पण" हे पम्या ज्या सुरात म्हणतो त्याच सुरात तो गिऱ्हाईकाला "व्हेंटिलेशन आहे पण" म्हणतो.

सुध्या चिडला नाही. म्हणला शी सोपी असते, तुला मोज्यांचं सांगतो. पायात रक्त साचू नये म्हणून घट्ट मोजे असतात, ते म्हाताऱ्याने पाय खाली सोडायच्या आधी, आडवा असतानाच चढवायचे. हातात रबरी ग्लोव्ह घालून तळव्याने घासत घासत वर न्यायचे, टाच टाचेवरच आली पाहिजे, सुरकुती एक राहता कामा नये, राहिली की तिथली कातडी काचते. आमच्याकडे एक आजोबा आहेत, झिंडेलफिंगेनच्या मर्सिडीजच्या प्लांटमधनं रिटायर झालेले, इन्स्पेक्शनला होते. त्यांनी पहिला आठवडाभर रोज माझे मोजे रिजेक्ट केले. काढ, परत घाल. दहा वर्षं सप्लायर म्हणून रिजेक्शन खाल्लं, देश सोडला, धंदा सोडला, तरी कस्टमर मर्सिडीजचाच!

इथे सगळे फुटले. मग कळलं त्या आजोबांना टाटा माहितीये. चोपन्न साली टाटांचं मर्सिडीजशी ट्रकचं कोलॅबोरेशन झालं होतं, तेव्हा आपल्या ट्रकवर तो तारा असायचा, आणि पुढे चौऱ्याण्णवला पिंपरीत टेल्को म्हणजे आताच्या टाटा मोटर्सबरोबरच त्यांची कार कंपनी सुरू झाली, त्यामुळे "पूना" म्हणलं की आजोबा खुलतात.

पम्या एकदम उठून बसला, "अरे माझा बाप टेल्कोत होता, सांग त्यांना, अण्णा पेंट शॉपला होते!"

वैशू : सांग की. आणि हे पण सांग की अण्णा शेवटचे सहा-आठ महिने पलंगावर होते तेव्हा तू दारात नाकाला रुमाल लावून उभा असायचास.
पम्या : मी औषधं आणायचो!
वैशू : हो. आणि बिलं ग्रुपवर टाकायचास.

पम्या काही बोलला नाही, म्हणजे साधारण वीस सेकंद, ओट्याचा रेकॉर्ड असावा. अण्णांची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून, हे पम्याच्या बायकोला शिकवायला वैशूच जायची, ड्युटी संपवून, एक रुपया न घेता.

आणि मग ती सुध्याकडे वळली. मला वाटलं कौतुक करेल. "तुझं पण ऐक. तू शूर वगैरे काही नाहीयेस. मी पंधरा वर्षं हेच करते, नाईटला मी आणि एक मावशी, तीस पेशंट. मला सासरी अजून सांगतात, लग्नात विचारलं तर हॉस्पिटलमध्ये असते एवढंच सांग. तू वर्षभर केलंस तर सोसायटीने शाल दिली. केरळच्या बायका साठच्या दशकापासून जर्मनीत नर्स म्हणून जातायत, तेव्हा कुणी फेटा बांधला नाही. पुरुषाने केलं आणि युरोत केलं की करिअर चेंज."

सुध्या म्हणला, खरंय. शाल मी आईच्या कपाटात ठेवली, लाज वाटत होती. मग हळूच म्हणला, पहिल्यांदा माझ्या ड्युटीवर एक आजी गेल्या तेव्हा सिनियर सिस्टरने आधी खिडकी उघडली, आणि मला तूच आठवलीस, हिला किती वेळा झालं असेल हे. वैशूने फक्त विचारलं, "रडलास का? नंतर जेवलास ना?"

"तूच ये ना तिकडे," सुध्या म्हणला. "जीएनएम, नर्सिंगचा डिप्लोमा आहे तुझा, मी तीन वर्षं शिकतोय ते तुला येतंच, बी टू कर आणि डिप्लोमा तिकडे मान्य करून घ्यायला, रेकग्निशनला टाक."

"बी टू कधी करू? नाईटला की नाईटहून आल्यावर? आणि एजंट साडेचार लाख मागतो."

सुध्याने लगेच समजावून सांगितलं की एजंट लागतच नाही, माझ्यासारखं शिकायला जायचं तरी कोर्सला फी नसते, उलट तेच पैसे देतात, मी नुसते ई-मेल टाकत गेलो, वगैरे. हे वैशूला सांगत होता पण ऐकत होता पम्या. मग घसा खाकरून म्हणाला, "बरं ऐक ना, मेव्हण्याचा पोरगा आहे, बारावी झालीये, दिवसभर मोबाईल..."

असा काही हशा झाला की वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णी काकांनी खिडकी लावली.

वैशू : त्याला आधी आजोबांची नखं कापायला सांग. जमलं तर पुढचं बघू.

उठायची वेळ झाली तर पम्या म्हणाला आज युरोवाला देईल. सुध्याने मोबाईल काढला, इथलं सिम बंद झालेलं, यूपीआय चालेना. जर्मन कार्ड पुढे केलं तर चहावाला म्हणाला दादा ते खिशात ठेवा, उद्या द्या. सगळ्यांनी मिळून पम्याकडे बघितलं. पम्याने पाकिटातनं नोट काढली तेव्हा तुक्या व्हिडिओ काढत होता, ग्रुपवर टाकलाय, बघा, त्यात चहावाला नोट उजेडात धरून तपासतोय.