फिल कॉलिन्सची मान आणि आमच्या दादाची बोटं

दादा म्हणजे माझा आतेभाऊ. गेली तीस वर्षं डबलबारीच्या, म्हणजे दोन भजनीबुवांच्या सामन्याच्या, भजनात पखवाज वाजवतो. वेंगुर्ल्याच्या बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान, त्यामुळे त्यांच्या बारीचे बॅनर माझ्याकडेच होतात. वर बुवांचा हात उंचावलेला फोटो, खाली एका ओळीत पखवाज, तबला, झांज आणि त्या त्या माणसाचं नाव. गेल्या सोमवारी दादा दुकानात आला, स्टुलावर बसला आणि म्हणाला, “अवंदा बॅनरार माझा नाव घालू नको.”

दोन महिने त्याची डाव्या हाताची बोटं बधिर आहेत. गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात दाखवायचं ठरलं होतं, गाडीही सांगून झाली होती. ती त्यानं रद्द केली. का, तर वाडीच्या ग्रुपवर आलेला एक मेसेज. तो त्यानं मला वाचून दाखवला, आणि वर विचारलं, “तुझोच मा ह्यो गोरो?”

माझाच. म्हणून हे लिहायला बसलोय.

मेसेज लांबलचक आहे, सार एवढंच: जगप्रसिद्ध रॉक गायक आणि ड्रमर फिल कॉलिन्सने अचानक संगीत कायमचं सोडलं आणि मीडियाने बातमी दाबली. रॉकच्या तामसी कंपनांनी त्याच्या बोटांच्या नसा मेल्या, आपल्या पखवाज-तबल्याच्या सात्त्विक कंपनांनी नसा उलट जिवंत होतात. कर्कश आवाजाने तो बहिरा झाला. दारूत बुडाला, कंगाल झाला, मुलांनी टाकला. शेवटी केरळच्या एका वैद्याने मानेला एकच झटका दिला आणि तीन दिवसांत बोटं चालू झाली. डॉक्टर हे सांगणार नाहीत, कारण त्यांचा धंदा बसेल. अकरा जणांना पाठवा.

आधी हा माणूस आमच्या घरात आला कसा ते सांगतो. १९९० च्या गणपतीत मुंबईहून आलेल्या काकांनी एक कॅसेट आणली होती. त्यातलं ‘इन द एअर टुनाईट’ दादानं माझ्यासोबत पडवीत ऐकलं. गाणं १९८१ चं. साडेतीन मिनिटं नुसतं दबा धरून बसतं आणि मग ड्रम कोसळतात. दादाला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं. पण तो भाग आला तसा उठून बसला आणि म्हणाला, “ह्यो थांबाक शिकलोहा.” मग रिवाइंड करून करून ती कॅसेट आम्ही जवळजवळ मारली. त्या वर्षीच्या आरतीत दादानं ते तुकडे पखवाजावर घुसवले तेव्हा भटजींनी वळून पाहिलं होतं.

‘अचानक’ आणि ‘दाबली’ हे आधी उरकतो. कॉलिन्सने २०११ मध्येच निवृत्ती जाहीर केली होती, स्वतःच्या वेबसाइटवर, लहान मुलांना पूर्ण वेळ बाप हवा म्हणून. २०१५ मध्ये परत येतोय म्हणाला, २०१७ मध्ये दौरा केला, पुढे जेनेसिस या जुन्या बँडसोबत पुन्हा उभा राहिला, खरं तर बसला. शेवटचा कार्यक्रम २६ मार्च २०२२ ला लंडनला झाला. आता आम्हाला खऱ्या नोकऱ्या शोधायला लागणार, असं तिथे स्टेजवर गमतीत म्हणाला. हजारो माणसं समोर बसलेली. यात दाबलं काय? गेल्या काही वर्षांत त्याने तब्येत फार बिघडल्याचं आणि आता ती भूक उरली नसल्याचंही सांगितलंय. आमच्यासारखे लोक अजून ‘म्हणजे नक्की संपलं का?’ करत बसतात, कारण एकदा फसलोय. २०११ ला मी सगळ्या कॅसेटी पुसून पेटीत ठेवल्या होत्या, सहा वर्षांनी परत काढाव्या लागल्या.

बहिरेपण: त्याच्या एका कानाचं ऐकणं २००० साली गेलं, ते विषाणूच्या संसर्गाने. पुढे.

कंगाल? २०२२ मध्ये त्याने आणि जेनेसिसच्या इतर दोघांनी गाण्यांचे हक्क विकले, त्या सौद्याचा आकडा तेव्हा ३० कोटी डॉलरच्या आसपास छापून आला होता. असली कंगाली आमच्या वाडीला एकदा येऊ दे. मुलांनी टाकल्याचं तर ऐकवत नाही. २०१७ च्या दौऱ्यात बाप पुढे खुर्चीत आणि मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक, वय वर्षं सोळा. बापाचेच तुकडे, बापाच्याच गाण्यात. दशावतारात बापाचा वेष मुलाच्या अंगावर चढतो तेव्हा आपल्याकडची म्हातारी माणसं कशी गप्प होतात, तसं मला ते व्हिडिओ बघताना होतं.

दारूचं मात्र खरं आहे, नाही म्हणत नाही. पण ते कोणी खणून काढलेलं गुपित नव्हे. २०१६ मध्ये त्याचं आत्मचरित्र आलं, ‘नॉट डेड यट’, म्हणजे ‘मेलो नाय अजून’. भाच्यानं मला पुण्याहून पाठवलं होतं, दुकानात गल्ल्याशेजारी पडलेलं असतं. निवृत्तीनंतर घर मोडलं, वेळ खायला उठला, आणि आपण इतके प्यायलो की स्वादुपिंड बिघडून मरता मरता वाचलो, हे त्याने त्यात स्वतःच मांडलंय. मेसेजवाल्याने क्रम तेवढा उलटा केला. दारूमुळे संगीत सुटलं नाही, संगीत सुटल्यावर दारू वाढली. हे वाक्य मी दादासमोर मुद्दाम दोनदा म्हटलं. तो रस्त्याकडे बघत राहिला.

आता कंपनं. इथे मला एक अर्धी गोष्ट कबूल करावी लागतेय, आणि ती मेसेजवाल्याच्या पदरात टाकताना जिवावर येतं. ड्रम वाजवण्याचा आणि बोटांचा संबंध आहे. २००७ च्या दौऱ्यात कॉलिन्सच्या मानेच्या वरच्या भागातला मणका सरकला. २००९ मध्ये त्याने सांगितलं की वर्षानुवर्षं ज्या बसणीत ड्रम वाजवले त्यामुळे मणके मज्जारज्जूवर दाबले गेले. ऑपरेशन झालं, तरी हातात ड्रमची काठी ठरेना. कंपनांनी नसा बधिर होणं हेही जगात आहेच. चिरेखाणीत वर्षानुवर्षं मशीन धरणाऱ्यांना विचारा, ब्रेकर आणि ग्राइंडर चालवणाऱ्यांना विचारा.

पण कॉलिन्सचं दुखणं कंपनांचं नव्हतं, बसणीचं होतं. मान पुढे, खांदे वर, वाकून तासन् तास. आता मला सांगा, डबलबारीत पखवाजवाला कसा बसतो? मांडी घालून, वाद्य मांडीवर आडवं, पाठीचा पोक, मान बुवांच्या तोंडाकडे वळवलेली, कारण बुवा कुठे सोडतील आणि कुठे धरतील याचा नेम नसतो. रात्री दहाला बसला की पहाटेपर्यंत. गजराला लय चढते तेव्हा दादाची हनुवटी छातीला टेकलेली असते, मी तीस वर्षं बघतोय. मानेच्या मणक्याला काय ठाऊक वर विठ्ठल चाललाय की रॉक? सात्त्विक कंपनांनी नसा जिवंत होत असत्या तर सगळ्यात ठणठणीत बोटं दादाची असायला हवी होती.

आणि त्याचं दुखणं बोटांत आहे हे पहिल्यांदा कळलं कुठे? कणकेत. पखवाजाच्या डाव्या अंगाला, धाम्याला, वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात. ती किती ओली हवी हे डोळे सांगत नाहीत, बोटं सांगतात. गोकुळाष्टमीच्या बारीला दादानं कणीक थापली आणि पहिल्याच ठोक्याला धामा घुमेना. पुन्हा काढली, पुन्हा लावली. शेजारच्या झांजवाल्यानं हात लावून बघितलं तर कणीक जवळजवळ सुकी. “ओली काय सुकी ताच कळना नाय माका,” हे त्यानं घरी येऊन वहिनीला सांगितलं, आम्हाला नाही. त्यानंतर शर्टाची बटणं वहिनी लावते.

ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहितोय तो हा: मानेला झटका.

पहिली गोष्ट, असं झालंच नाही. झटक्याने बोटं चालू झालेला माणूस नंतरचे दोन दौरे खुर्चीत बसून, काठी टेकत करेल का? ड्रमवर मुलाला बसवेल का? २०१० मध्ये त्याने जुन्या गाण्यांचा एक अल्बम केला, तेव्हा ड्रमच्या काठ्या हाताला चिकटपट्टीने बांधून वाजवलं होतं. ज्याच्या बोटांची दुनिया आरती ओवाळायची, तो माणूस काठी निसटू नये म्हणून हाताला टेप लावून बसला होता. पुढे पाठीचंही ऑपरेशन झालं आणि एक पाऊल लुळं राहिलं. त्यामुळेच २०१७ मध्ये हॉटेलात रात्री पडून डोक्याला जखम झाली आणि लंडनचे दोन कार्यक्रम पुढे गेले. पैसा होता, जगातले डॉक्टर होते, तरी सगळं परत आलं नाही. तीन दिवसांत बरा झाला म्हणे!

दुसरी गोष्ट. मी डॉक्टर नाही, फ्लेक्स छापतो. पण एवढं कोणत्याही डॉक्टरला विचारा. हाताच्या बोटांकडे जाणाऱ्या नसा मानेतूनच निघतात. तिथे मणक्यांमधली गादी सरकून नस किंवा खुद्द मज्जारज्जू दाबला गेला असेल, आणि वरून कोणी मान पिरगाळली, तर आज बोटं बधिर आहेत, उद्या हातपाय लुळे पडू शकतात. शिवाय मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून दोन्ही बाजूंनी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रक्तवाहिन्या जातात. झटक्याने त्यांच्या आतल्या अस्तराला चीर जाऊन गुठळी होते आणि माणसाला झटका येतो, तो दुसरा झटका, अर्धांगाचा. नेहमी होतं असं नाही. क्वचितच होतं. पण क्वचित म्हणजे कोणाला तरी होतंच ना? आणि तो ‘कट्ट’ आवाज ऐकून माणसं खूश होतात, हाड जागेवर बसलं म्हणून. ते हाड नसतं, सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा होतो त्याचा आवाज. बोटं मोडताना येतो तोच.

बोटं बधिर होण्याचं कारण दर वेळी मानच असतं असंही नाही. मनगटात नस दाबली तर अंगठा आणि शेजारची बोटं जातात, रात्री जास्त. कोपराला दाबली तर करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट. बी-बारा जीवनसत्त्व कमी असलं तरी मुंग्या येतात, साखर असली तरी येतात. म्हणजे नुसतं मनगट असेल तर मान पिरगाळून काय मिळणार? आणि बटणं लागत नाहीत, चालताना तोल जातो, लघवीवर ताबा राहत नाही, यातलं काही सुरू झालं असेल तर तपासणी पुढे ढकलायचीच नाही. दादाची बटणं दोन महिने लागत नाहीयेत.

हे सगळं मी त्याला सांगत होतो, आवाज चढलेला होता, बॅनर न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक तर दारातूनच परत गेलं. सगळं ऐकून दादा शांतपणे म्हणाला, “जावन इलंय मी.”

“खंय?”

गेला होता. मेसेज आल्याच्या तिसऱ्याच दिवशी. मोटरसायकलवर मागे बसून, एका चोळणाऱ्याकडे. त्यानं मान दोन्ही बाजूंना फिरवली, कट्ट झालं, दोनशे रुपये घेतले आणि पुढच्या बुधवारी पुन्हा बोलावलं. दोन दिवस हलकं वाटलं. तिसऱ्या दिवशी होतं तसंच. नशीब आमचं. चोळणाऱ्यावर माझा तेवढा राग नाही, तो लचकलेला पाय आणि उसण यावर आयुष्यभर हात फिरवत आलाय, त्याच्याकडे मीही गेलोय. राग आहे तो खोट्या गोष्टीला माझ्या माणसाचं नाव चिकटवणाऱ्यावर. दादानं कुठल्याही भोंदूचं ऐकलं नसतं. त्यानं ऐकलं ते कॉलिन्सचं नाव वाचून. पस्तीस वर्षांपूर्वी पडवीत त्याला मीच ऐकवलेला माणूस.

डॉक्टरांचा धंदा बसेल, या वाक्यावर एवढंच: बांबोळी सरकारी आहे.

मग मी पुस्तक काढलं. दादाला इंग्रजी येत नाही, म्हणून मानेच्या आणि हाताच्या ऑपरेशनचा भाग जमेल तसा मालवणीत सांगितला. मध्येच यूट्यूबवर २०१७ चा व्हिडिओ लावला. म्हातारा काठी टेकत येतो, खुर्चीत बसतो, मागे पोरगा. ‘इन द एअर टुनाईट’ सुरू झालं. दादा मोबाइलवर वाकला, मी त्याला म्हटलं मान सरळ ठेव, तसा फोन डोळ्यांसमोर धरला. ड्रम कोसळायची वेळ आली तेव्हा त्याचा उजवा हात काउंटरवर पडला, बरोबर जागेवर. डावा मांडीवरच राहिला.

“पोरगो बरो वाजयता,” तो म्हणाला.

गाडी पुन्हा सांगितलीय, गुरुवारी पहाटे पाचची. चोळणाऱ्याला बुधवारी येत नाही म्हणून कळवायचं काम वहिनीनं घेतलंय, ती ते आनंदानं करेल. ग्रुपवर मी हेच सगळं थोडक्यात टाकलं, तर पहिलं उत्तर आलं ‘पण आपली संस्कृती’ असं. त्याला उद्या बघतो. बॅनरची फाइल कॉम्प्युटरवर उघडीच आहे, पखवाजच्या पुढची जागा मी रिकामी ठेवलीय, दुसरं नाव कोणी दिलेलं नाही.

दादा जायला उठला, दारापर्यंत गेला आणि तिथून वळून विचारलं, “त्या गोऱ्यान टेप खयची लावलेली रे हाताक?”