कुकरची शिट्टी ऐकू येते, मग हाक का नाही?

आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक मजकूर आला. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' अशी खूण त्यावर होतीच. मथळा होता, 'तुमचं मूल ऑटिस्टिक नाही, हट्टी आहे!' मुद्दे पाच. कुकरची शिट्टी, चॉकलेटच्या कागदाचा आवाज ऐकू येतो म्हणजे कान ठीक आहेत. हाकेला ओ देत नाही तो हट्ट. जाहिराती घडाघडा म्हणतो, म्हणजे बोलता येतं. मुद्दाम मागत नाही. आवाजाला कान झाकतो, त्याला गोंगाटाची सवय लावा. घरात एकच भाषा ठेवा. आणि मोबाईल काढून घ्या, तीन महिन्यांत मूल सुधारेल, तोवर डॉक्टरची गरज नाही.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक म्हणजे स्वमग्न आहे. या पाचांतले चार सल्ले मला तो तीन वर्षांचा असताना तोंडी मिळाले होते. काही मी पाळलेसुद्धा. म्हणून हे लिहिते आहे.

पहिल्या मुद्द्यावरच जास्त बोलायचं आहे, कारण बाकीचे त्याच्यावर उभे आहेत. कागद वाजला की मूल वळतं म्हणून कान ठीक, हे धरून चालू नका. काही आवाज येतात, काही येत नाहीत असंही श्रवणदोषात होतं. टाळ्या वाजवून घरी केलेली परीक्षा पुरत नाही. बेरा करून घ्या, म्हणजे आवाजाला कानाच्या नसेकडून आणि मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद यंत्राने मोजणारी तपासणी. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत अशा तपासण्या होतात.

समजा बेरा चांगली आली. आमची आली होती. तरी हाकेला ओ नाही. मग हट्टच ना? नाही. आवाज कानात शिरणं आणि मेंदूने त्याला 'हे बोलणं आहे, माझ्यासाठी आहे' म्हणून उचलणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २००५ साली सिअॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अडीच ते साडेचार वर्षांच्या आसपासच्या मुलांना दोन आवाज दिले. एक, आपण बाळाशी बोलतो तसं लाडिक, लांबवलेलं बोलणं. दुसरा, तसेच चढउतार असलेला पण यंत्राने बनवलेला, शब्द नसलेला आवाज. मूल डोकं ज्या बाजूला वळवेल तो आवाज वाजायचा. ऑटिस्टिक मुलांचा गट यंत्राच्या आवाजाकडे जास्त वळला. पण सगळी मुलं नाहीत. जी बोलण्याकडे वळली, त्यांच्या मेंदूच्या लहरींनी दोन अक्षरांतला फरक इतर मुलांसारखाच टिपला. 'ऑटिस्टिक मुलांना बोलणं कळत नाही' असं सरसकट म्हणणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आणखी एक. फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात २०१० साली मेंदूतले चुंबकीय संकेत मोजले, तेव्हा ऑटिस्टिक मुलांच्या मेंदूचा आवाजाला मिळणारा प्रतिसाद सरासरी ११ मिलिसेकंद उशिरा आला. म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. एवढ्याशाने काय बिघडतं, असं मलाही वाटलं होतं. पण बोलणं थांबत नाही. एक अक्षर लागतं न लागतं तोच पुढचं येऊन आदळतं. कुकरची शिट्टी मात्र एकच असते, रोज तशीच असते आणि तिच्यात अर्थ लावण्यासारखं काही नसतं. आईची हाक कधी लाडाने, कधी रागाने, कधी स्वयंपाकघरातून, कधी टीव्हीच्या आवाजातून येते. त्यातून आपलं नाव वेगळं काढणं हे कष्टाचं काम आहे. आता मी लांबून हाक मारतच नाही. जवळ जाते, त्याच्या उंचीला बसते, दोन-तीन शब्दांत सांगते आणि मनात दहा मोजते. बहुतेकदा सातआठला उत्तर येतं. पूर्वी तिसऱ्या आकड्याला मी दुसरा प्रश्न विचारायचे आणि त्याचं जुळत आलेलं सगळं मोडायचे.

पुढचा सल्ला, गोंगाटाची सवय. हा मी पाळला. पुण्यात गणपतीच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. कुणीतरी म्हणालं, रोज थोडं थोडं जवळ ने, भीती मोडेल. तिसऱ्या दिवशी तो तिथेच ओकला. नंतर कित्येक दिवस तो रस्ता दिसला तरी अंग टाकून द्यायचा. आपल्याला एकसारख्या आवाजाची सवय होते, कारण मेंदू हळूहळू त्याची दखल घेणं कमी करतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की, आवाज-स्पर्शाचा फार त्रास होणाऱ्या ऑटिस्टिक मुलांत ही दखल तशी कमी होत नाही. मेंदूतला धोक्याची सूचना देणारा भाग प्रतिसाद देतच राहतो. बळजबरीने समोर उभं केलं तर मूल सरावत नाही, फक्त अडकतं. २०१३ पासून डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीतही संवेदनांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे ऑटिझमचं एक लक्षण म्हणून आहे. म्हणजे कान झाकणं हे नखरे नाहीत. आमच्याकडे 'मिक्सर लावते हं' एवढं आधी सांगितलं की तो गॅलरीत जातो आणि दार लावून घेतो. तो आवाज कधी येणार, हे त्याला कळलं की पुरतं.

मोबाईलचं थोडक्यात. लहान मुलाच्या हातून स्क्रीन काढा, जरूर काढा. त्या वेळात त्याच्याशी कुणी बोलत नसतं, एवढं कारण पुरेसं आहे. पण ऑटिझम पहिल्यांदा ठळकपणे मांडणारे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी अशा अकरा मुलांचं वर्णन केलं ते १९४३ साली. मोठ्या आवाजांची धास्ती त्यात आहे, हाकेला ओ न दिल्याने बहिरी समजली गेलेली मुलंही आहेत. मोबाईल कुठून असणार होता? स्क्रीनमुळे होतो म्हणतात तो 'व्हर्च्युअल ऑटिझम' हे निदान डीएसएम-५ मध्ये नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही नाही. मजकुरातलं सगळ्यात घातक वाक्य मात्र 'तीन महिने थांबा' हे आहे. स्क्रीन बंद करा आणि त्याच आठवड्यात तपासणीलाही जा. सरकारी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात ती मोफत होते.

उरली भाषा आणि पाठांतर. दोन्हींचं उत्तर आमच्या घरात एकाच माणसापाशी आहे. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या, मालवणी बोलणाऱ्या. 'शाळा इंग्रजी, तर घरात फक्त इंग्रजी' या सल्ल्यापायी चार महिने त्या नातवाशी जवळजवळ बोलल्याच नाहीत. येईना ती भाषा, काय बोलणार! दोन भाषांच्या घरातली ऑटिस्टिक मुलं त्यामुळे जास्त मागे पडत नाहीत, हे माँट्रियलसारख्या दुभाषिक शहरातल्या अभ्यासांत २०१२ पासून दिसलेलं आहे. ते मी फार उशिरा वाचलं. ते चार महिने मला आजही टोचतात.

आणि पोपटपंची? वाचा-भाषातज्ज्ञ बॅरी प्रिझंट यांनी १९८१ पासून दाखवून दिलं की, ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं बऱ्याचदा सहेतुक असतं. मूल त्यातून मागतं, होकार देतं, स्वतःला सावरतं. ते शब्दांचे सुटे मणी उचलत नाही, अख्खी माळ उचलतं. सासूबाई पुन्हा बोलू लागल्या तेव्हा तो शाळेतून आला की दारातच विचारायच्या, 'इलंस रे झिला?', म्हणजे 'आलास का रे पोरा?' काही महिन्यांनी तो स्वतःच दारात उभा राहून म्हणाला, 'इलंस रे झिला?' आधी आम्हाला वाटलं, नुसती नक्कल. पण ते तो दुसऱ्या कुठल्याच वेळी म्हणत नाही. 'मी आलो'साठी त्याच्याकडे तेवढंच वाक्य आहे, आणि ते त्याने नेमक्या जागी ठेवलं आहे.

अजूनही तो तसंच म्हणतो. आतून सासूबाई उत्तर देतात, 'होय रे बाबा, इलंस.'