ऐंशीची हुडहुडी

सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, खड्डा दर आषाढात. आमचा यंदाचा खड्डा नाशिकच्या पाथर्डी फाट्याच्या अलीकडे सर्व्हिस रोडवर, पाण्याने काठोकाठ भरून, सपाट रस्त्याचं सोंग घेऊन बसला होता. पुढचं डावं चाक त्यात गेलं आणि माझी बत्तिशी वाजली. बायको एवढंच म्हणाली, "दिसला नाही?" लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, इतकं मला कळतं.

टायरमध्ये हवा होती, गाडी चालत होती, म्हणून मी विषय मिटवला. तो रविवारी पुन्हा उघडला. सासूबाईंना आणायला पिंपळगाव बसवंतला निघालो होतो. आडगाव मागे पडलं, काटा ८० वर गेला आणि स्टेअरिंगला हुडहुडी भरली. ६५ वर आणलं, थांबली. १०० ला नेलं, जवळजवळ गेलीच. परत ८०, परत हुडहुडी.

"मग ऐंशीने चालवूच नका," बायको म्हणाली. यापेक्षा स्वस्त इलाज पुढे मला कुणीच सांगितला नाही.

खरी पंचाईत अशी, की रोग हायवेचा आणि वैद्य सगळे गावातले. पोरगं घरी रात्रभर खोकतं आणि डॉक्टरसमोर राजा हरिश्चंद्रासारखं शांत बसतं, तशी माझी गाडी. द्वारका चौकात ८० ने गाडी चालवून दाखवणारा अजून जन्मायचा आहे. तिथे दुसरा गिअर पडला तरी माणूस देवाला हात जोडतो. शेजारचे काका सातपूरच्या कारखान्यातून रिटायर झालेले, त्यामुळे नट-बोल्टचं कुठलंही काम आपल्या अखत्यारीतलं समजतात. त्यांनी कॉलेज रोडवर ३५ च्या वेगाने एक फेरी मारली, माझ्या हातांकडे टक लावून पाहिलं आणि निदान केलं, "स्टेअरिंग ठीक आहे. तुझेच हात थरथरतात. बी-ट्वेल्व्ह तपासून घे."

ऑफिसातल्या मित्राने ठणकावून सांगितलं, ब्रेकची डिस्क गेली. पण डिस्कचा त्रास ब्रेक दाबल्यावर जाणवतो. माझी गाडी ब्रेकला पाय न लावताच थरथरत होती. मग एका चकचकीत दुकानात अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले. चारही चाकांना कॅमेऱ्यासाठी पाट्या लावल्या, पडद्यावर लाल आकडे हिरवे झाले, मी पाचशे रुपये दिले. गाडी आता दोरी धरल्यासारखी सरळ जात होती आणि सरळ जाताजाता थरथरत होती. अलाइनमेंट बिघडलं की गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतात. थरथर हे सहसा त्याचं काम नसतं. हे ज्ञान मला पावती फाडून झाल्यावर मिळालं.

शहाणपणाची गोष्ट शेवटी अंबडच्या पंक्चरवाल्याने सांगितली. "साहेब, पुढचं डावं मागे टाका, मागचं पुढे आणा. मग हायवेला जा." चाकं बदलली. सासूबाईंना घरात बसून कंटाळा आला होता, त्या मागच्या सीटवर बसल्या. आडगावच्या पुढे ८०. स्टेअरिंग देवघरातल्या समईसारखं निश्चल! आणि मागून आवाज आला, "जावईबापू, सीटला काय झालंय? पिठाच्या गिरणीवर बसल्यासारखं वाटतंय."

मला इतका आनंद झाला, की बायकोने माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण गुन्हेगार सापडला होता. पुढच्या चाकाची थरथर हातात येते, मागच्या चाकाची बुडाखाली. चाकासोबत थरथरही मागे गेली, म्हणजे बॉल जॉइंट, टाय रॉड वगैरे स्टेअरिंगकडचे सांधे सगळे निर्दोष सुटले.

त्या एकट्या चाकाला घेऊन मी बॅलन्सिंगवाल्याकडे गेलो. त्याने आधी टायरच्या भिंतीवरून सगळीकडे हात फिरवला. टेंगूळ असतं तर आतले धागे तुटलेले, मग टायर फेकायचाच. टेंगूळ नव्हतं. रिमच्या कडेला मात्र बोटभर जागा स्वच्छ चमकत होती. "चाकाचा तोल साधायला लावलेलं इथलं वजन उडालं," तो म्हणाला. मग चाक मशीनवर गरगरलं आणि आतली कड साप चालावा तशी नागमोडी दिसली. बाहेरून पाहिलं तर काही नाही. मशीनने तोलात ६० ग्रॅमचा फरक दाखवला. मिसळीवर एवढीच शेव पडली तर आपण गाडीवाल्याशी भांडतो. पण ताशी ८० ला चाक सेकंदाला बाराएक वेळा फिरतं, आणि तेवढेच ६० ग्रॅम दर फेरीला पाच-सहा किलोचा हिसका देतात. नेमक्या त्याच ठेक्यावर पुढची सगळी यंत्रणा ताल धरते, म्हणून ऐंशीलाच.

गाडी घेताना पैसे वाचवायला मी अलॉय व्हील घेतली नव्हती, याची खंत मला चार वर्षं होती. "अलॉय असतं तर तडकलं असतं," त्याने हातोडा उचलत सांगितलं. "हे लोखंड आहे, ऐकतं." चार घाव, नवी वजनं, मशीनवर दोन्ही बाजूंना शून्य. खंत गेली.

सासूबाईंना परत सोडायला निघालो. आडगाव, ओझर, ८०, ९०, सगळं गप्प. मी आरशातून विजयी मुद्रेने मागे पाहिलं.

"आता नाही ना होत काही?"

"नाही हो," त्या जरा हिरमुसल्या. "परवा मात्र माझी कंबर अगदी मोकळी झाली होती."