लिंकिन पार्कला पोरकट म्हणणाऱ्या माझ्या मित्रांसाठी

आज दुपारी कोथरूडला एका मित्राकडे जेवायला जमलो असताना २००० ते २००९ या दशकाचा खरा रॉक बँड कोणता, असा विषय निघाला. ब्रिटनचा रेडिओहेड आणि न्यूयॉर्कचा द स्ट्रोक्स या नावांवर दोन तट पडले, वहिनींनी कोल्डप्लेची बाजू घेतली, आणि मी लिंकिन पार्क या अमेरिकन रॅप-रॉक बँडचे नाव घेतल्याबरोबर यजमान हसून म्हणाला, "अगं, ते शाळकरी पोरांचं संगीत. त्या वयात सगळेच ऐकतात." पंगतीत वाद नको म्हणून मी मठ्ठा पिऊन गप्प बसले. घरी आल्यावर मात्र राहवले नाही. तुम्ही बहुतेक जण माझ्याच पिढीचे आहात, तेव्हा फार समजावून सांगण्याची गरज पडणार नाही असे गृहीत धरते.

रेडिओहेडचा 'किड ए' आणि लिंकिन पार्कचा 'हायब्रिड थिअरी' हे दोन्ही अल्बम एकाच महिन्यात, ऑक्टोबर २००० मध्ये आले. दशक संपताना रोलिंग स्टोन हे मासिक आणि पिचफोर्क हे संगीतविषयक संकेतस्थळ या दोघांनीही 'किड ए'ला दशकातील सर्वोत्तम अल्बम ठरवले, तर ब्रिटनच्या एनएमई या संगीत साप्ताहिकाने तो मान स्ट्रोक्सच्या 'इज धिस इट'ला दिला. २००१ साली अमेरिकेत सर्वाधिक खपलेला अल्बम होता 'हायब्रिड थिअरी', पण पहिल्या क्रमांकाच्या या चर्चेत त्याचे नावही नव्हते. संगीत म्हणून 'किड ए' अधिक धाडसी आहे, हे मी मान्य करते. परंतु वाद सर्वोत्तम अल्बमचा नसून दशकाचा चालला होता, आणि एखादे दशक कोणाचे हे ठरवताना ते दशक ज्यांच्या अंगावरून गेले त्यांना विचारायचे की नाही?

मला विचाराल तर मी माझ्या रूममेटचे उदाहरण देईन. (नाव सांगत नाही, ती हे वाचेल आणि रागावेल.) सांगली जिल्ह्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात आम्ही एकत्र राहत होतो. ती तासगावकडची, द्राक्षबागाईतदाराची मुलगी, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. शेजारच्या खोलीतील असेंबल्ड संगणकावर विनॅम्प या गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये गाणे पुन्हा पुन्हा मागे घेऊन तिने लिंकिन पार्कच्या 'इन दि एन्ड'चे सगळे शब्द जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर देवनागरीत उतरवून घेतले होते. बँडमधल्या माइक शिनोदाचे रॅप तिला पकडता येत नसे, म्हणून तिथे गाळलेल्या जागा सोडलेल्या होत्या. गायक चेस्टर बेनिंग्टनच्या ओळी मात्र काना-मात्रेसह पूर्ण होत्या. शाळकरी पोरांचे संगीत म्हणणाऱ्याने ती पाने एकदा पाहायला हवी होती.

त्याच वर्षी तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला ट्रान्सफॉर्मरमधल्या लॉसेसबद्दल विचारले. उत्तर तिला येत होते, ते ती मराठीत सांगूही लागली होती. परंतु त्यांनी तिला थांबवून, इंग्रजी येत नसेल तर इथे आलीस कशाला, असे सर्वांसमोर विचारले. त्या रात्री ती मेसमध्ये जेवायला आली नाही. शेजारणीचा हेडफोन मागून आणून ती लिंकिन पार्कचेच 'नम्ब' ऐकत बसली. दुसऱ्याच्या अपेक्षांप्रमाणे स्वतःला घडवता घडवता बधिर होऊन गेलेल्या माणसाचे ते गाणे आहे. वडिलांनी बागेवर कर्ज काढून भरलेली फी, आयटीत नोकरी लागलीच पाहिजे हा घरचा धोशा आणि इंग्रजीची भिंत, हे त्या दशकाने महाराष्ट्रातल्या हजारो मुलामुलींपुढे वाढून ठेवलेले ताट होते. न्यूयॉर्कच्या बारमधली रात्र कशी बेफिकीर असते, हे स्ट्रोक्सने फार छान सांगितले असेल. आमच्या वसतिगृहाचे फाटक संध्याकाळी सातला बंद होत असे.

आता थोडे चिडूनच लिहिते. स्ट्रोक्सला 'रस्त्यावरचा, अस्सल' बँड म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की त्याचा गायक ज्युलियन कासाब्लांकास आणि गिटारवादक अल्बर्ट हॅमंड ज्युनिअर यांची पहिली ओळख स्वित्झर्लंडमधल्या एका अतिमहागड्या निवासी शाळेत झाली. पैसा असणे हा गुन्हा नाही, पण मग अस्सलपणाचे प्रमाणपत्र इतरांना वाटत फिरू नये. रेडिओहेडचे चाहते २००७ च्या 'इन रेनबोज' अल्बमचा विषय काढतात, की 'हवी ती किंमत द्या' असे म्हणून त्यांनी संगीताचा व्यवहारच बदलला. आमच्या वसतिगृहात ती योजना आधीपासूनच लागू होती आणि किंमत सर्वानुमते शून्य ठरलेली होती! गाणी फुटपाथवरच्या एमपीथ्री सीडीतून नाहीतर कोणाच्या तरी भावाच्या हार्ड डिस्कवरून येत. ते चुकीचे होते हे कबूल, पण दशकाचे संगीत त्याच वाटेने गावोगाव पोहोचले, आणि त्या वाटेने सर्वांत दूरवर गेला तो लिंकिन पार्कच.

रॅप आणि रॉक एकत्र करणारे ते पहिले नव्हते. रन-डीएमसी हा रॅप गट आणि एरोस्मिथ हा रॉक बँड यांनी ते १९८६ मध्येच केले होते. पण लिंकिन पार्कमध्ये ब्रॅड डेल्सनची जड गिटार, जो हानच्या फिरत्या तबकड्या, शिनोदाचे रॅप आणि बेनिंग्टनचा फाटेपर्यंत ताणलेला आवाज हे सगळे तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात इतके एकजीव झालेले असे की जोड दिसत नसे. २००४ मध्ये रॅपर जे-झीबरोबर 'कोलिजन कोर्स' हा एकत्रित अल्बम केल्यावर तर ही दोन जगे कधी वेगळी होती हेच विसरायला झाले. त्यातही रॅप-रॉकवाल्या इतर बँडांची मर्दुमकी आणि शिवीगाळ इथे नव्हती. 'हायब्रिड थिअरी'त एवढी आरडाओरड असूनही एकही शिवी नाही. आणखी एक सांगते, कोणाला क्षुल्लक वाटले तरी चालेल: शिनोदाचे वडील जपानी वंशाचे आणि हान कोरियन वंशाचा, त्यामुळे अमेरिकन रॉकच्या मंचावर आशियाई चेहरे आम्ही पहिल्यांदा पाहिले ते या बँडमध्ये.

११ सप्टेंबर आणि इराक युद्ध यांचे हे दशक होते आणि लिंकिन पार्कच्या पहिल्या दोन अल्बमना त्याचा स्पर्शही नाही, उलट ग्रीन डे या अमेरिकन बँडने २००४ च्या 'अमेरिकन इडियट'मध्ये ते थेट अंगावर घेतले, हा आजच्या जेवणातला एकमेव दमदार मुद्दा होता. मला त्याचे उत्तर सुचलेले नाही.

२० जुलै २०१७ रोजी चेस्टरने आत्महत्या केली. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. बालपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल आणि व्यसनांबद्दल तो मुलाखतींत कधीच लपवाछपवी करत नसे, त्यामुळे आम्हाला काही ठाऊक नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. बातमी आली त्या दिवशी कित्येक महिन्यांनी रूममेटचा फोन आला. ती आता एका कंपनीत मोठी टीम सांभाळते आणि परदेशी ग्राहकांशी दिवसभर इंग्रजीत बोलते. त्या दिवशी ती कामावर गेली नव्हती, आणि नवऱ्याला काय कारण सांगू, असे मला विचारत होती. पोट बिघडले म्हणून सांग, असे मी सुचवले. मग आम्ही बराच वेळ द्राक्षाचा भाव, तिच्या मुलाची शाळा, असेच काहीबाही बोलत राहिलो. ते जर्नल तिने ठेवले आहे का, हे विचारायचे माझ्या ओठांवर आले होते, पण विचारले नाही.

वहिनींच्या कोल्डप्लेबद्दल माझी काही तक्रार नाही. जानेवारी २०२५ मध्ये डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांच्या कार्यक्रमाला मीही गेले होते आणि घसा बसेपर्यंत गायले. पण ज्या बँडसाठी आज आईबरोबर तिची कॉलेजातली मुलगीही तिकिटाच्या रांगेत उभी राहते, तो कोणत्याही एका दशकाच्या नावावर कसा लावणार? नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग हिला घेऊन लिंकिन पार्कने २०२४ मध्ये काढलेला 'फ्रॉम झीरो'ही मी या हिशेबात धरत नाही. तो चांगला आहे, पण त्याचे दशक वेगळे. २०१० नंतरच्या दशकाचा बँड कोणता, यावर पुढच्या जेवणात खुशाल वाद घाला. त्यासाठी माझ्याकडे उमेदवारच नाही, कारण तोवर प्रत्येकीच्या हातात आपापला फोन आला होता आणि एका खोलीत चौघींनी एकच गाणे ऐकणे बंद झाले होते.