फुफ्फुसांच्या वाट्याचा पैसा नेमका कुठे अडतो?

आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला की "फिल्म संपली आहे, मोबाईलवर फोटो काढून घ्या," असे सांगतात. माझ्या चुलत्यांकडे बटणांचा साधा फोन आहे. सारी उमर जिनिंगमध्ये कापसाच्या धुळीत राबलेला हा माणूस, वजन जेमतेम ४२ किलो, चार पावले चालला तरी धाप लागते. त्याने रांगेतल्या परक्या पोराला विनवून स्वतःच्या फुफ्फुसांचा फोटो काढून घ्यायचा आणि त्या पोराला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जायचे! क्षय आहे का हे पाहायला बेडका तपासणारे यंत्र आहे, तर त्यात घालायची कार्ट्रिज नाही. का नाही म्हणून विचारले, तर प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळते: निधी आलेला नाही.

या उत्तराची आता चीड येते. रस्त्याचा निधी रखडला तर खड्डा आहे तिथेच राहतो, पण क्षयाच्या गोळ्यांचा निधी रखडला तर रोग जागेवर थांबत नाही. साध्या क्षयाचा कोर्स सहा महिन्यांचा असतो आणि त्यात खंड पडला की उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. मग हाच रोगी, तेच जंतू छातीत घेऊन, पत्र्याच्या एका खोलीत नातवंडांशेजारी झोपतो. पुढचे उपचार अधिक अवघड आणि कितीतरी महाग असतात, आणि तो खर्चही सरकारलाच करावा लागतो. मग आधी हात आखडून नेमके काय वाचवले?

मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा केंद्राने राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करायला सांगितले, आणि जिथे तेही जमणार नाही तिथे रोग्याने बाहेरून गोळ्या विकत घ्याव्यात, पैसे नंतर परत मिळतील, अशी सोय ठेवली. रोजंदारीवर जगणाऱ्याने आधी पैसे आणायचे कुठून, हा विचार त्या कागदात कुठे होता? आणि हे त्या देशात, ज्याने २०२५ पर्यंत क्षय हद्दपार करण्याची घोषणा केली होती आणि जिथे आजही जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आहे.

क्षयरोग्याला सरकारकडून मिळणारे पोषणाचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १००० रुपये झाले, ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु आधार जोडलेले नाही, बँक खाते बंद पडले आहे, वरून मंजुरी यायची आहे, अशा कारणांनी ते पैसे कोर्स संपत आल्यावर हातात पडणार असतील, तर रोग्याने त्या गोळ्या उपाशीपोटी पचवायच्या काय? अन्नाने काय फरक पडतो, हे सरकारी पैशावर झालेल्या संशोधनानेच दाखवून दिले आहे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ दिल्यावर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. १९५६ साली मद्रासमध्ये सरकारने क्षयाचे संशोधन केंद्र उभे केले, त्याच्या अभ्यासातून घरी राहून घेतलेले औषधही आरोग्यधामातल्या उपचारांइतकेच गुणकारी ठरते हे जगाला कळले. एवढे पदरी असताना संशोधनाचा पैसा कापण्याचा विचार तरी कसा होऊ शकतो?

आमच्या मराठवाड्यात तर अशा अभ्यासाची गरज पावलोपावली दिसते. दिवाळीच्या सुमारास बीडचा कोयता, म्हणजे ऊसतोड मजूर, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातो. अर्धा कोर्स झालेल्या बाईच्या गोळ्या फडावर तिच्यामागे कोण नेऊन देणार? जिनिंगची धूळ, खडी क्रशरची पूड आणि चुलीचा धूर यांनी किती छात्या निकामी झाल्या, त्याची नोंद कोण ठेवतो? श्वासाची ताकद मोजायचे यंत्र कुलपात पडून आहे, कारण ते चालवणाऱ्या कंत्राटी माणसाचा पगार थकला आणि तो निघून गेला.

म्हणून मला दोन गोष्टी लेखी हव्या आहेत. क्षयाच्या गोळ्यांचा किती दिवसांचा साठा उरला आहे, तो आकडा दर सोमवारी दवाखान्याच्या दारावर लागला पाहिजे; आणि फुफ्फुसांच्या आजारांसाठी मंजूर झालेल्या पैशांपैकी किती पैसा ३१ मार्चला अखर्चित राहिला आणि तो कोणाच्या सहीअभावी राहिला, हे जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत पालकमंत्र्यांनी नावानिशी सांगितले पाहिजे.