सहीचं पुस्तक आणि आमचा फॅमिली ग्रुप

आज दुपारपासून डोकं फिरलंय, त्यामुळे हे लांबणार आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक ठोकून पुढे जावं.

फॅमिली ग्रुपवर मी एक साधा मेसेज टाकला. यंदाही दिवाळीला पुस्तकंच देतेय, लेखकाकडून सही करून मागवतेय, कुणाला सोबत हवी असतील तर नावं कळवा. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग मावसभावाने एका ऑनलाइन दुकानाचा स्क्रीनशॉट टाकला. पुस्तक तेच. छापील किंमत ३००, तिथे २१३. खाली शेरा: "ताई, सहीचे ८७ रुपये का?" त्यावर हसून लोळणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली.

इथवर मी गिळलं असतं. पण पाठोपाठ आत्याचा मेसेज आला. "लेखकावर स्वतः पुस्तकं विकायची वेळ आली म्हणजे बिचाऱ्याचं अवघडच दिसतंय. घेऊया एखादं, तेवढीच मदत."

मदत! ज्या माणसाबद्दल हे चाललंय तो कसा आहे ते आधी सांगते. वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. मी त्यांना काका म्हणते. आयुष्यभर खांबांवर चढले आणि निवृत्तीनंतर त्यावर पुस्तक लिहिलं. पुस्तकाचं नाव इथे मुद्दाम टाकत नाही, नाहीतर अर्ध्या तासात खाली कुणीतरी "पीडीएफ आहे का" विचारेल. मुलगा कमावता आहे, घर स्वतःचं आहे, दारात गाडी आहे. त्यांना कुणाच्या दयेची गरज नाही. ते पुस्तक लिहितात आणि विकतात. सोनार दागिना घडवतो आणि विकतो, तेव्हा त्याला बिचारा म्हणतो का आपण?

गेल्या दिवाळीला मी त्यांच्याकडून पंचवीसएक प्रती मागवल्या. यादी पाठवली तर म्हणाले, "नुसत्या नावाला काय लिहू ताई? माणूस कळला पाहिजे." म्हणून प्रत्येक नावापुढे दोनदोन शब्द लिहून पुन्हा पाठवली. मग संध्याकाळचे फोन सुरू झाले. "हे रेल्वेतले, मोटरमन का गार्ड?" "ही मुलगी किती वर्षांची? वाचती का खरंच, का तुम्हीच देताय हौसेनं?" मी कुकर लावतेय आणि हे पलीकडून वहीत टिपून घेतायत. एकदा विचारलं, "ह्या मावशींच्या नावामागं काय लावू, का नुसतं मावशी म्हणू?" मावशीचे यजमान त्याच वर्षी गेले होते, ते मी यादीत लिहिलं होतं. म्हटलं, नुसतं मावशी म्हणा.

पार्सल आलं ते खाकी कागदात, सुतळीने आवळून, आणि चारही कोपऱ्यांना काळी इन्सुलेशन टेप! वायरमनचा हात, सोडतो थोडाच. ती टेप सोडवता सोडवता माझं नख तुटलं. आत प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी, पेन्सिलने यादीतला नंबर घातलेला, म्हणजे माझा वाटताना घोटाळा नको.

आणि मजकूर! माझा भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करतोय, त्याच्या प्रतीवर: "सप्लाय बंद आहे का ते स्वतः बघ. दुसऱ्याच्या सांगण्यावर चढू नको." सासऱ्यांच्या प्रतीवर: "लोडशेडिंगच्या काळात आम्हाला घातलेल्या सगळ्या शिव्या पोचल्या." आमचे सासरे, जे पेपरातलं राशिभविष्य सोडून काही वाचत नाहीत, ते भाऊबीजेपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला चष्मा लावून ती ओळ वाचून दाखवत होते. पुस्तक पूर्ण वाचलं का? नाही. अर्ध्यावर आहे. बरं, कबूल.

आता हिशेबच काढायचाय ना, तर काढू. दुकानात किंवा ऑनलाइन ३०० रुपयांचं पुस्तक गेलं आणि लेखकाचं मानधन दहा टक्के धरलं, तर त्याच्या हातात येतात ३० रुपये. तेही वर्षाअखेरीस, प्रकाशकाने हिशेब वेळेवर दिला तर. लेखकाने स्वतः प्रकाशकाकडून चाळीस टक्के सवलतीत प्रती उचलल्या तर त्याला पुस्तक पडतं १८० ला. ते त्याने ३०० ला दिलं की उरतात १२०. त्यातून खाकी कागद, सुतळी, टेप आणि पोस्टाच्या रांगेतले तास. तुझे ८७ रुपये इथे येतात, दादा. तू ते वाचवलेस की वाचले कुणाचे आणि गेले कुणाचे, ते तूच बघ.

हा तोच भाऊ बरं का, ज्याने ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला तेव्हा दिवसभर स्टेटस लावले होते. छाती फुगलेली. आणि त्या दिवाळीत ग्रुपवर पुस्तकांच्या पीडीएफचा गठ्ठा टाकला, वर "साहित्यिक फराळ" असं लिहून. स्कॅन केलेली पानं, कडेला कुणाचातरी अंगठा. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. ज्याने लिहिलं त्याला फुटकी कवडी नाही, आणि आपण मात्र भाषेचे उपासक!

१९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण चकलीच्या तेलकट हाताने वाचणारी माणसं. दिवाळीला छापील काहीतरी घरात यायला हवं, हे मला तुम्हाला सांगायला नको. मग भेट द्यायची वेळ आली की तो ड्रायफ्रूटचा सोनेरी ट्रेच का? वर सेलोफेन, आत कागदाचा भुसा आणि चार खळगे, त्यात मोजून बदाम. त्यावर कंपनीचा लोगो असतो, घेणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. आमच्याकडे आलेला ट्रे मी तसाच पुढे दिलाय, तुम्हीही दिला असेल. काकांची प्रत पुढे देऊन बघा. पहिल्याच पानावर तुमचं नाव आणि तुमच्या शिव्यांची पोच आहे, कुणाला देणार?

काही जण म्हणतील, सहीचं एवढं काय, शेवटी पुस्तक आतून वाचायचं असतं. बरोबर आहे. प्रकाशक आगाऊ नोंदणीवर सहीची प्रत देतात, त्यात मलाही काही वाटत नाही. लेखकाने एका बैठकीत शेकडो पानांवर फराटे मारलेले असतात, बिचारा मनगट चोळत. (हो, तिथे मीही बिचारा म्हणते.) प्रदर्शनात रांगेत उभं राहून घेतलेली सही हा तर निव्वळ आपला हट्ट. मी बोलतेय ते दुसऱ्याच प्रकाराबद्दल. तुम्ही लेखकाला सांगता, हे अमक्यासाठी आहे, आणि तो त्या अमक्याचा विचार करून दोन ओळी लिहितो. हे दुकान देऊ शकत नाही. कितीही टक्के सूट दिली तरी.

दुकानदाराचं काय, हा प्रश्न मला आमच्या डोंबिवलीतल्या पुस्तकवाल्याने तोंडावरच विचारलाय. सगळे थेट लेखकाकडे जायला लागले तर मी काय वडापाव विकू? त्याचंही खरं आहे. दिवाळी अंक मी त्याच्याकडूनच घेते, छापील किमतीला, यापलीकडे माझ्याकडे उत्तर नाही.

पण लेखकाकडून मागवणारेही काही कमी नाहीत. काका सांगत होते, अर्ध्याहून जास्त मेसेज "एक प्रत पाठवा, वाचून अभिप्राय देतो" असे असतात. फुकट! अभिप्राय काय बँकेत भरायचा? काका हसून म्हणाले, "ताई, नोकरीत असताना लोक वायरचा तुकडा मागायचे. आता पुस्तक मागतात. सवय आहे." दुसरा एक प्रकार वसुबारसेच्या आदल्या रात्री जागा होतो. "सर, दहा प्रती अर्जंट, सही करून, उद्या निघतील ना?" अरे, साठी ओलांडलेला माणूस आहे तो, गोदाम नाही.

माझे पोस्टाचे पैसे थोडे जास्त गेले होते, तर काकांनी ३८ रुपये यूपीआयने परत पाठवले. मला रागच आला. फोन केला, म्हटलं काका, राहू द्यायचे होते. तर म्हणाले, "हिशेब हिशेबाच्या जागी." आणि अशा माणसाला आमच्या ग्रुपवर मदत करायला निघालेत.

मावशीच्या प्रतीबद्दल लिहायचं नव्हतं, पण आता लिहितेच. तिच्याकडे त्या वर्षी दिवाळी नव्हती. घरात फराळ करायचा नव्हता, जो तो डबे आणून ठेवत होता, आणि ती ते डबे नुसते एकावर एक रचत होती. कंदील नाही, काही नाही. अशा घरी काय भेट न्यायची? मी ते पुस्तक नेलं. पहिल्या पानावर काकांनी लिहिलं होतं: "मावशी, पान ६२ पासून वाचा. आधीचं नंतर कधीतरी."

मला कळेना असं का. घरी येऊन माझी प्रत उघडली. पान ६२ ला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत लाईट जाते आणि नवऱ्यामुलाचा बाप काकांना मांडवातून ओढत डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे, नेतो, ते प्रकरण आहे. हसून हसून पुरेवाट होते. त्याच्या आधीच्या प्रकरणात काकांचा कामावरचा जोडीदार खांबावरच शॉक लागून जातो. कुणीतरी खालून सांगितलेलं असतं, सप्लाय बंद आहे म्हणून.

यादीतल्या माझ्या दोन शब्दांवरून त्या माणसाने हे केलं. मावशीला कधी बघितलं नाही, बघणारही नाही.

ती मावशी म्हणजे स्क्रीनशॉट टाकणाऱ्या आमच्या बंधुराजांची आई.

हो रे, वाचत असशील तर वाच. तुझ्याच घरात टीव्हीखालच्या कप्प्यात आहे ती प्रत. मावशीने त्यात तुळशीबागेतल्या कुठल्याशा दुकानाची पावती खूण म्हणून घातलीय, जुलैत आले होते तेव्हा पान १४० च्या पुढे होती. तू ते पहिलं पान उघडलंयस का कधी? नसशीलच. तुझेही वडीलच गेले होते, तुझंही डोकं ठिकाणावर नव्हतं, मान्य. पण आज ठिकाणावर आहे ना? ८७ रुपयांची वजाबाकी तर बरोबर जमली.

बरं. चहा घेऊन आले. मघाचं पुन्हा वाचलं, जरा जास्तच झालंय, पण खोडत नाही.

आता कामाचं. गेल्या वर्षी ज्यांना काकांचं पुस्तक दिलं त्यांना यंदा पुन्हा तेच देऊन उपयोग नाही, म्हणून त्यांच्यासाठी दुसरं निवडलंय. रत्नागिरीकडच्या एका बाईंनी खाडीतल्या मासेमारीवर लिहिलंय, घरातल्या बायका जाळी विणतात, बाजारात बसतात, त्याबद्दल. भाव करण्याची प्रकरणं तर अशी आहेत की मी मासे खात नसूनही वाचत सुटले. नव्यांसाठी काकांचं आहेच.

ज्यांना माझ्यासोबत मागवायचंय त्यांनी नावं इनबॉक्समध्ये द्या, कमेंटमध्ये पत्ते टाकू नका. नाव, नावापुढे माणूस कळेल असे दोन शब्द, पूर्ण पत्ता, पिनकोड. "काहीही छानसं लिहा" असं कळवाल तर तशीच परत पाठवीन. किंमत छापील. सूट मागायची नाही, माझ्याकडेही नाही आणि त्यांच्याकडे तर मुळीच नाही. पोस्टाचा खर्च वेगळा. मे २०२५ पासून पोस्टाने पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. स्वस्त आहे, ट्रॅकिंगही मिळतं, पण जातं जमिनीवरून, त्यामुळे वेळ घेतं. म्हणून यादी नवरात्र संपायच्या आत हवी. आत्ता पितृपक्षात खरेदी नको वाटत असेल तर नावं तरी देऊन ठेवा, पैसे घटस्थापनेला द्या, माझी हरकत नाही. मात्र पैसे आधी, प्रती नंतर.

आणि कुणाला बाईंकडून थेटच घ्यायचं असेल तर नंबर देते, पण दुपारी दोन ते चार फोन करू नका. पहाटे तीनला उठून बाजार गाठतात, त्या वेळी झोपलेल्या असतात.